माग बंद पडला की जाग येते

अत्याचार सोसलेल्या मुलाच्या मनावर किती आघात झालाय हे तपासायच्या प्रश्नावल्या काही कमी नाहीत. मुलांनी स्वतः भरायच्या, आईबापांना विचारून भरायच्या, आठ-दहा प्रश्नांच्या, पन्नास प्रश्नांच्या, काही फुकट, काही विकतच्या. सोलापुरात समुपदेशनाचं काम करताना मला अडचण वेगळीच यायची. बालकल्याण समितीकडून मूल येतं, सोबत पत्र असतं, पत्रात एक ओळ असते: मानसिक स्थितीचा अहवाल सादर करावा. आता अहवाल लिहायचा तो कशाच्या जोरावर? ‘मूल घाबरलेले दिसते’ एवढ्यावर कुणाचंच भागत नाही. उपचाराला आधी कुणाला पाठवायचं, कुणाला नुसता आधार पुरेल, कोण आतून मोडलंय पण वरून हसतंय, हे सांगता आलं पाहिजे. आणि परदेशातली प्रश्नावली मराठीत वाचून दाखवली की मुलं अशी काही उत्तरं द्यायची की मिळालेल्या गुणांवर माझाच विश्वास बसायचा नाही.

म्हणून आम्ही चौघं-पाच जण बसलो. एक मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर, मी, शहराच्या पूर्व भागात, म्हणजे यंत्रमागांच्या वस्तीत, घरोघर फिरणाऱ्या दोन कार्यकर्त्या आणि तेलुगू माध्यमाच्या शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई. पुढं जे लिहिते त्यात कोणाही एका मुलाची हकीकत नाही. अनेकांचे तपशील मिसळून, बदलून लिहिलेत. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पॉक्सो कायद्याच्या कलम २३ नं मुलाची ओळख उघड करायला मनाई आहे, आणि कायदा नसता तरी सोलापूरसारख्या गावात, जिथं पेठेचं नाव काढलं की चार घरं डोळ्यांसमोर येतात, तिथं हे करणं भागच होतं.

सुरुवातीला अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ एडना फोआ यांच्या गटानं २००१ मध्ये प्रसिद्ध केलेली, ८ ते १८ वयाच्या मुलांसाठीची प्रश्नावली पायाला घेतली. तिच्यात लक्षणांचे १७ प्रश्न. ती घ्यायचं एक कारण म्हणजे नेपाळमध्ये ब्रँडन कोर्ट या संशोधकानं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती तिथल्या मुलांसाठी घडवून, तपासून २०११ मध्ये मांडली होती. शेजारच्या देशात कुणी तरी ही वाट तुडवली होती, एवढा दिलासा पुरेसा होता. त्यांच्याकडूनच चार कसोट्या उचलल्या: प्रश्न मुलाला समजतो का, तो विचारायला चालतो का, इथल्या जगण्याला लागू पडतो का, आणि मूळ आशय पुरा उतरतो का. भाषांतर आणि उलट भाषांतर हे सोपस्कारही केले. एकानं मराठीत आणायचं, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्यानं परत इंग्रजीत न्यायचं, दोन्ही शेजारी ठेवून फरक काढायचे. कंटाळवाणं काम आहे, त्यावर जास्त लिहीत नाही. एवढंच सांगते की उलट भाषांतरात तंतोतंत जुळलेले प्रश्नच पुढं मुलांसमोर आडवे झाले.

कच्चे प्रश्न आधीच दुखावलेल्या मुलांवर वापरून बघायचे नाहीत, हे पहिल्याच दिवशी ठरलं होतं. म्हणून आधी शाळांमधल्या, ज्यांच्याबाबत काही तक्रार नाही अशा मुलांशी बोललो. पण ‘तक्रार नाही’ म्हणजे ‘काही घडलं नाही’ असं नसतं. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाचा २००७ चा अहवाल आहे. महाराष्ट्र धरून १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून केलेला. त्यात ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारच्या लैंगिक अत्याचाराची नोंद दिली होती, आणि त्यांत निम्म्याहून जास्त मुलगे होते. त्यामुळं प्रश्न तपासायला वर्गात गेलो तरी शेजारच्या खोलीत एक समुपदेशक रिकामी बसलेली असायची. मुख्याध्यापकांना ते उगाच वाटायचं. आम्हाला नाही.

मुलांना उत्तर विचारायचंच नाही, अशी ती पद्धत. प्रश्न वाचायचा आणि म्हणायचं, ‘यातून तुला काय कळलं? तुझ्या धाकट्या बहिणीला हेच कसं विचारशील?’ मुलं या कामात भलतीच हुशार निघाली. ‘असं कोन बोलतंय का ताई?’ म्हणून आमची निम्मी वाक्यं त्यांनी मोडीत काढली.

पूर्व भागात मात्र निराळाच पेच पडला. एक प्रश्न होता, एकदम मोठा आवाज झाला की दचकायला होतं का? आघात झालेली मुलं दचकतात, जगभर दचकतात, म्हणून हा प्रश्न जवळपास प्रत्येक प्रश्नावलीत असतोच. मागाच्या गल्ल्यांतली मुलं एकजात ‘नाही’ म्हणत होती. एका मुलानं तर माझ्याकडं कीव केल्यासारखं बघितलं. ‘कसला आवाज, ताई? आमच्याकडं खाली माग हाय.’ यंत्रमाग चालू असला की शेजारी बसलेल्याशी ओरडून बोलावं लागतं. टॉवेल-चादरीच्या त्या खटखटीत ही मुलं पाळण्यापासून झोपलेली. त्यांना दचकवायला आणखी मोठा आवाज आणायचा कुठून?

पुढं उपचारात असलेल्या मुलींपैकी एकीला हाच प्रश्न जरा सैल करून विचारला. झोपेतून कशानं जाग येते? ती म्हणाली, ‘लाईट गेली की. माग बंद पडला की जाग येते. मग लागतच नाही झोप.’ थोडा वेळ गप्प राहून तिनं विचारलं, ‘हे लिहिणार का?’ मी म्हटलं, तू सांगशील तर लिहीन. ती म्हणाली, लिहा. तिच्यावर जे ओढवलं होतं ते लाईट गेलेली असतानाच. मागाचा आवाज चालू आहे तोवर घरातली माणसं जागी आहेत, खाली कुणी तरी आहे. आवाज थांबला की तिचं अंग सावध होणार. आमच्या मूळ प्रश्नावर हिला शून्य गुण मिळाले असते, म्हणजे त्रास काहीच नाही.

डॉक्टरांनी तो प्रश्न तिथल्या तिथं खोडला. आता आम्ही विचारतो: आजूबाजूला अचानक काही बदललं, आवाज आला किंवा थांबला, अंधार झाला, कुणी मागून आलं, तर अंगावर सर्रकन काटा येतो का? वाक्य लांबलं, पण मुलं उत्तर देतात.

झोपेचेच बाकीचे प्रश्नही असेच उलटसुलट करावे लागले. एकट्यानं झोपायची भीती वाटते का, हा प्रश्न ज्या घरात एका खोलीत सात जण ओळीनं झोपतात तिथं विचारून काय मिळणार? कार्यकर्तीनं सुचवलं, ‘झोपायची जागा बदलून मागतेस का?’ असं विचारा. हा तिचा प्रश्न आमच्या सगळ्या प्रश्नावलीतला सगळ्यात उपयोगी प्रश्न ठरला, असं माझं मत आहे. डॉक्टरांचं नाही.

दुसरीकडं आयांशी बोलणं चालू होतं. कुंभारीकडच्या विडी घरकुलात, म्हणजे विडी वळणाऱ्या बायकांच्या वसाहतीत, दुपारी गेलं की दाराशी बायका सूप मांडीवर घेऊन बसलेल्या असतात. बोलतात, पण हात थांबत नाहीत. तेंदूचं पान, तंबाखू, वळायचं, दोरा, तोंड मिटायचं. मजुरी हजार विड्यांवर असते, त्यामुळं थांबणं परवडत नाही. त्यांना आम्ही अत्याचाराबद्दल विचारलंच नाही. विचारलं ते इतकंच: एखाद्या पोराला मोठा धसका बसला तर तुम्हाला कशावरून कळतं? मग काय, यादीच सुरू झाली. घास तोंडात तसाच धरून बसतं. शाळेच्या वेळेला बरोबर पोटात गोळा येतो. मोठं होऊन अंथरूण ओलं करतं. अंगाला हात लावला की झटकतं. सारखी आंघोळ करतं, नाही तर आंघोळीचं नावच काढत नाही. धाकट्याला बदडतं. एका ठरावीक घरी निरोप द्यायला जा म्हटलं की अडून बसतं. यातल्या निम्म्या गोष्टी आमच्या १७ प्रश्नांत कुठंच नव्हत्या. पोटदुखी तर प्रत्येकीनं सांगितली.

आणि बाधा. ते आलंच. दृष्ट काढली, अंगारा लावला, कुणी दर्ग्यात नेऊन आणलं, कुणी ताईत बांधला. एक मावशी म्हणाल्या, ‘आधी मीठ-मोहऱ्या, मग अंगारा, मग डॉक्टर. तुमचा नंबर चौथा.’ आमच्यातल्या एकीला हे प्रश्नावलीत घ्यायला नको होतं, अंधश्रद्धेला खतपाणी घातल्यासारखं होतं म्हणून. मी घ्या म्हटलं. घरच्यांनी काय काय करून पाहिलं हे विचारलं की त्यांना केव्हापासून शंका येतेय ते कळतं, आणि ही तारीख दुसऱ्या कुठल्याही प्रश्नातून इतकी सहज मिळत नाही. शिवाय आजीनं रोज रात्री कपाळाला अंगारा लावून जवळ घेतल्यावर पोर झोपत असेल, तर ते मोडून मला काय मिळवायचंय?

तारखांचंही तेच. ‘गेल्या दोन आठवड्यांत’ हे मोठ्यांचं मोजमाप झालं. दहा वर्षांच्या मुलाला दोन आठवडे म्हणजे काय ते सांगता येत नाही. आम्ही बसल्या बसल्या आधी खूण पक्की करून घेतो: मागचा मंगळवारचा बाजार, चाचणी परीक्षा, घरातलं लग्न. जुन्या गोष्टींसाठी गड्ड्याची यात्रा फार कामाला येते. सिद्धेश्वराची ही यात्रा संक्रांतीला भरते आणि सोलापुरातल्या कुठल्याही धर्माच्या, कुठल्याही भाषेच्या मुलाला विचारा, पाळण्यात बसलेलं त्याला आठवतं. ‘गड्ड्याच्या आधी की नंतर?’ म्हटलं की उत्तर येतं.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते गुण देण्याच्या पट्टीनं. कधीच नाही, कधी कधी, बऱ्याचदा, जवळजवळ रोज, अशा चार पायऱ्या. तोंडी सांगितल्या तर मुलं पहिली किंवा शेवटची धरतात. काही तरी हातात द्यावं म्हणून शेंगदाणे आणले. त्रास जास्त तर जास्त दाणे ठेव. दाणे खाल्ले गेले ते सोडा, ते अपेक्षितच होतं. पण मुलं आपल्याला खूश करायला भरपूर दाणे ठेवायला लागली. जास्त म्हणजे चांगलं, हा हिशोब त्यांच्या डोक्यात पक्का. मग पाण्याच्या पेल्यांची चित्रं काढली, रिकामा, थोडा, अर्धा, भरलेला. इतर ठिकाणी ही युक्ती चालते. पण ज्या शहरात नळाला चार-चार दिवस पाणी येत नाही, तिथं काठोकाठ भरलेला पेला बघून कुठल्या मुलाच्या मनात दुःख येईल? शेवटी जमलं ते दप्तर. एक रिकामं, एक हलकं, एक जड, एक उचलवतच नाही असं. खरीच चार दप्तरं भरून ठेवली. मूल उठतं, उचलून बघतं, ‘एवढं’ म्हणतं. हालचाल झाल्यानं जरा मोकळंही होतं. शाळेत न जाणाऱ्या मुलांसाठी तीच वजनं पिशव्यांत भरली.

एका प्रश्नावर मात्र आमचं भांडण झालं आणि ते अजून मिटलेलं नाही. मूळ प्रश्नावलीत पुढच्या आयुष्याबद्दल विचारतात. आपल्या इच्छा पुऱ्या होणार नाहीत, म्हणजे नोकरी, लग्न, मुलंबाळं हे काही आपल्या वाट्याला येणार नाही, असं वाटतं का? कल्पना अशी की आघात झालेल्या मुलाला भविष्य उरलेलंच नाही असं वाटतं. तेरा-चौदा वर्षांच्या मुलींना विचारलं तर त्या शांतपणे म्हणतात, ‘लग्न तर होणारच की.’ गुण शून्य, म्हणजे मुलगी आशावादी! प्रत्यक्षात घरात बोलणी चालू असतात. काही घडल्याचा संशय आला की मुलीला ‘उजवून टाकायची’ घाई सुरू होते, २००६ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा कागदावर राहतो. तिच्यासाठी लग्न ही इच्छा नाही, टांगती तलवार आहे. मी म्हणते, उदाहरणातून लग्न काढा आणि ‘पुढच्या वर्षी तू कुठं असशील?’ असं मोकळं विचारा. डॉक्टर म्हणतात, मोकळ्या उत्तराला गुण कसे देणार?

त्याहून खोल वाद झाला तो भीतीवरून. टाळाटाळ हे आघाताचं मोठं लक्षण. एक मुलगी वाड्यातल्या सामाईक नळावर जायला तयार नाही. नळाचं नाव काढलं की घाम फुटतो, घागर घेऊन लांबच्या गल्लीत जाते. पट्टीवर पूर्ण गुण. पण तो माणूस अजून त्याच वाड्यात राहतो आणि त्याच नळावर पाणी भरतो. याला लक्षण म्हणायचं की शहाणपण? या प्रश्नावल्या ज्या तऱ्हेनं घडल्यात त्यात एक गोष्ट गृहीत असते: घटना घडून गेली, मूल आता सुरक्षित आहे, आणि तरीही त्याचं अंग घाबरतंय. आमच्याकडं निम्म्या वेळा घटना घडून गेलेलीच नसते. खटला उभा राहतो, आरोपी जामिनावर सुटून समोरच्या दारात येतो, नाही तर तो काका असतो, आणि आजीच्या जेवणाच्या पंक्तीत तोच वाढायला असतो.

डॉक्टरांचं म्हणणं, धोका खरा असो की मनातला, अंगावर ताण तोच पडतो, गुण द्यायलाच हवेत. ते पटलं. पण त्या गुणांचा अर्थ बदलतो, हे मी सोडलं नाही. भीती कमी करायचे उपचार अशा मुलीवर सुरू केले आणि ती निर्धास्तपणे त्या नळावर गेली तर? म्हणून प्रश्नावलीच्या आधी एक पान जोडलं, जे मुलाला विचारायचंच नाही, कार्यकर्तीनं भरायचं. तो माणूस आत्ता कुठं आहे, घरापासून किती अंतरावर, मूल दिवसातून कितीदा त्याच्या समोर येतं, घरातलं कोण मुलाच्या बाजूनं आहे. त्या पानावरून ज्या प्रश्नांना खरा धोका लागू होतो त्यांच्यापुढं फुली येते. फुल्या जास्त असतील तर अहवालाची पहिली शिफारस समुपदेशनाची नसते, मुलाची राहायची जागा बदलण्याची असते.

भाषेचं म्हणाल तर सोलापूरच्या मुलाला तीन-चार भाषा सहज येतात. शाळेत मराठी, घरी तेलुगू, गल्लीत दखनी, अक्कलकोटकडं गेलं की कन्नड. पद्मशाली या तेलुगू विणकर समाजातल्या घरातली मुलगी माझ्याशी छान मराठीत बोलायची, पण रात्रीचं काही विचारलं की अडायची. आमच्या गटातल्या निवृत्त बाईंनी तेलुगूत विचारलं तर भडाभडा बोलली. मला वाटलं, झालं, तेलुगू बोलणारी कार्यकर्ती द्यायची. पुढच्या मुलीच्या वेळी ती कार्यकर्ती आत आल्याबरोबर मुलगी मिटली. कारण ‘अक्का’ त्यांच्याच समाजातल्या, मामाच्या घरी येणंजाणं असलेल्या. आता भाषा जुळणारी पण गल्ली न जुळणारी बाई शोधतो, आणि खोलीत कोण बसलेलं चालेल हे आधी मुलालाच विचारतो.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगते, पण ती पहिल्यापासून डोक्यावर असते. पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे अत्याचाराची माहिती मिळाली की कळवणं बंधनकारक आहे. त्यामुळं ‘तू सांगशील ते कुणाला सांगणार नाही’ असं मुलाला म्हणता येत नाही. आधीच सांगावं लागतं की कुणी तुला त्रास देत असेल तर मला मदत बोलवावी लागेल. काही मुलं त्यावर गप्प होतात. होऊ देत. प्रश्नावलीत घटनेची हकीकत आम्ही विचारतच नाही, फक्त लक्षणं. एक तर मुलाला तेच तेच सांगायला लावू नये, आणि दुसरं म्हणजे जबाब घेण्याची रीत कलम २४ नं ठरवून दिली आहे, मुलाच्या घरी किंवा त्याला हव्या त्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं, वर्दीशिवाय. आमचं काम ते नव्हे. माझी भीती दुसरीच होती. गुण कमी आले तर उद्या कोर्टात बचाव पक्ष उभा राहून म्हणेल, बघा, मुलीला काहीच झालेलं नाही. म्हणून प्रत्येक प्रतीच्या डोक्यावर ठळक छापलंय: ‘या गुणांवरून अत्याचार झाला अथवा नाही हे ठरत नाही.’

मग पडताळणी. मूळ प्रश्नावलीत अमुक गुणांच्या वर आजार, खाली नाही, अशी रेषा आखलेली असते. ती रेषा इथं तशीच लावायची नसते. आम्ही गुण काढायचो, आणि डॉक्टर ते न बघता मुलाशी निवांत बोलून स्वतःचं मत बंद पाकिटात द्यायचे. दोन्ही जुळवल्यावर दिसलं की सगळ्यात जास्त निसटतात ते मुलगे. ‘मी नाय घाबरत बे’ म्हणत सगळीकडं रिकामं दप्तर उचलतात, आणि शाळेत रोज कुणाला तरी बदडत असतात. दुसरी निसटतात ती शहाणी मुलं, मोठ्यांना नको असलेलं काही बोलायचं नाही असं शिकलेली, प्रत्येकाला ‘नाही ताई’. त्यांच्यासाठी अधेमधे साधे प्रश्न पेरलेत, ज्यांना प्रत्येक मूल ‘हो’च म्हणेल. घरी कधी कुणी रागावतं का? यालाही ‘नाही’ आलं की कार्यकर्ती ती प्रश्नावली बाजूला ठेवते आणि त्या दिवशी नुसता पत्त्यांचा डाव मांडते. मुलग्यांसाठी मारामारी, शाळा बुडवणं, घरी न जाणं असे प्रश्न वेगळे घातले. त्यांनी फरक पडलाय, पण आमच्याकडं मुलग्यांची संख्याच कमी, त्यामुळं त्यांची रेषा कुठं आखायची ते ठरायला वेळ लागेल.

सध्या मराठी आणि तेलुगू प्रती वापरात आहेत. कन्नडचा मसुदा सीमेवरच्या गावांतल्या एक शिक्षिका तिकडच्या बोलीप्रमाणे दुरुस्त करताहेत, उर्दू-दखनीला अजून हात घातलेला नाही. लग्नाचा तो प्रश्न आम्ही दोन्ही रूपांत छापतो, निम्म्या प्रतींत डॉक्टरांचा, निम्म्यांत माझा. पुरेशा मुलींची उत्तरं जमली की पाकिटं उघडून बघू, कुणाचा खोडायचा ते.